इंग्लंडमधल्या डर्बीशरचे वाडे-किल्ले बघायला निघण्याआधी

तिकिटं नंतर काढा, आधी एका कागदावर कोणती वास्तू कोणाच्या ताब्यात आहे ते लिहा. हार्डविक हॉल, केडलस्टन हॉल आणि कॅल्क ॲबी ही जुनी घरं नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहेत, बोल्सोव्हर आणि पेव्हरिल हे किल्ले इंग्लिश हेरिटेज या तशाच दुसऱ्या संस्थेकडे. चॅट्सवर्थ म्हणजे ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या घराण्याचं घर, ते चालवायला वेगळाच ट्रस्ट. हॅडन हॉल तर सरळ खासगी. एकाचं सभासदत्व दुसऱ्याच्या दारात चालत नाही, त्यामुळे नॅशनल ट्रस्टचं कार्ड खिशात घालून निश्चिंतपणे चॅट्सवर्थला पोचलेला माणूस तिकीट खिडकीवर गप्पच होतो. तुम्ही इंग्लंडातच राहत असाल आणि वर्षभरात चार-पाच मोठी घरं बघणार असाल, तर नॅशनल ट्रस्टचं सभासदत्व परवडतं, शिवाय पार्किंगचे पैसे वाचतात. परदेशी पाहुण्यांसाठी इंग्लिश हेरिटेजचा ठरावीक दिवसांचा पास असतो, पण फक्त डर्बीशरसाठी तो घेऊ नका, दोन किल्ल्यांत वसूल होत नाही.

मग वारांकडे बघा. बाग उघडी म्हणजे घर उघडं असं नसतं. हिवाळ्यात बरीच घरं बंद असतात, काही आठवड्यातले ठरावीक दिवसच उघडतात आणि शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या बराच आधी असतो. आदल्या रात्री संकेतस्थळ पुन्हा एकदा बघा. सप्टेंबरात जमत असेल तर हेरिटेज ओपन डेजच्या तारखा शोधा, एरवी कुलूपबंद असलेल्या काही वास्तू तेव्हा फुकट बघता येतात. दिवसाला एक मोठं घर पुरे. फार तर जोडीला एखादं गाव.

हार्डविकसाठी गुडघ्यांची चौकशी आधी करा. मुख्य दालनं सगळ्यात वर आहेत आणि तिथवर लांबलचक दगडी जिना चढावा लागतो. आई-बाबा बरोबर असतील तर आधी फोन करून काय सोय आहे ते विचारा. बेस ऑफ हार्डविक या चार लग्नं केलेल्या, अफाट श्रीमंत बाईने हे घर १५९० च्या दशकात बांधलं आणि मनोऱ्यांच्या माथ्यावर स्वतःची ई आणि एस (एलिझाबेथ श्रूझबरी) ही आद्याक्षरं दगडात कोरून ठेवली, अगदी आभाळाला दिसतील अशी. बाहेरून भिंतींपेक्षा काचाच जास्त, पण आत अंधार. भिंतींवरची जुनी विणलेली चित्रं (टॅपेस्ट्री) उन्हाने विटतात म्हणून खिडक्यांवर पडदे ओढलेले असतात. डोळे सरावेपर्यंत थांबा. छोटी दुर्बीण असेल तर घ्याच. वरच्या मोठ्या दालनात छताखाली गिलाव्यात उठवलेलं रंगीत जंगल आहे, त्यातली हरणं आणि शिकारीची देवी डायाना खालून नीट दिसत नाहीत.

केडलस्टनला जाण्याआधी थोडा अभ्यास हवा, माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच. वंगभंग करणारा लॉर्ड कर्झन १८५९ मध्ये याच घरात जन्मला. कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाउस याच घराच्या नमुन्यावर बांधलेलं, म्हणजे व्हाइसरॉय होऊन तो पुन्हा ओळखीच्याच आराखड्यात राहायला गेला. १९०५ ची फाळणी त्याची आणि भारतातल्या प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा १९०४ चा कायदाही त्याच्याच कारकिर्दीतला. मुलांना दोन्ही सांगा. संगमरवरी दालनातले अलाबास्टरचे वीस खांब बघून झाले की त्याने आशियातून जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय बघा. १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी लेडी कर्झनने घातलेला मोराच्या पिसांचा पोशाख या घराच्या संग्रहात आहे. त्यातली जरदोजी हिंदुस्थानी कारागिरांची आणि पिसाच्या प्रत्येक डोळ्यात हिरव्या भुंग्याचं पंख. तो सध्या मांडलेला आहे का, हे विचारूनच तारीख ठरवा. कर्झनची कबर असलेलं चर्च घराला लागूनच आहे, पण त्याच्या वेळा निराळ्या.

गाडी नसेल तर क्रॉमफर्ड घ्या. डर्बीहून मॅटलॉकला जाणारी छोटी रेल्वे तिथे थांबते. रिचर्ड आर्कराइट या गिरणीमालकाची इथली १७७१ ची पाण्यावर चालणारी सूतगिरणी मुंबईतल्या पहिल्या गिरणीच्या ऐंशीएक वर्षं आधीची. गिरणगावात वाढलेलं कोणी बरोबर असेल तर भरपूर वेळ राखून ठेवा. ईम (Eyam) गावाला मात्र बसने किंवा गाडीनेच जावं लागतं. १६६५-६६ च्या प्लेगात या गावाने स्वतःला कोंडून घेतलं. वेशीवरच्या दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी ठेवायची आणि बाहेरच्यांनी अन्न ठेवून ती न्यायची. तो दगड शेतातल्या पायवाटेवर आहे, चिखलात चालतील असे बूट हवेत.

पिशवीत उन्हाळ्यातही स्वेटर आणि रेनकोट ठेवा. टोकदार टाचांच्या चपला नकोत, जुन्या जमिनींना त्या चालत नाहीत. पाठीवरची सॅक पुढे घ्यायला सांगतात किंवा जमा करायला लावतात, तेव्हा लहानच घ्या. फ्लॅश बंद. थेपले, दशम्या खुशाल न्या, हिरवळीवर बसून खाता येतं, घरात नाही. मॅटलॉकची गाडी साधारण तासाला एक असते, म्हणून परतीच्या वेळा स्टेशनवर उतरल्या उतरल्या फोनमध्ये फोटो काढून ठेवा, दऱ्याखोऱ्यांत रेंज जाते.