आवळीभोजनाच्या सतरंज्या झाडाच्या उत्तरेला

इंदूरात भजनी मंडळासोबत आवळीभोजन, म्हणजे कार्तिकात आवळ्याच्या झाडाची पूजा करून त्याखाली जेवण, ठरवत असाल, तर सतरंज्या झाडाच्या उत्तरेला अंथरा. कार्तिकात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून भर दुपारी सावली उत्तरेलाच पडते. आवळ्याची पानं बारीक, त्यामुळे सावली विरळ. आजी-आजोबांना दाट फांद्यांखालची जागा द्या. हीच पानं वाऱ्यानं कढीत गळतात, तेव्हा वाढून होताच पातेल्यांवर झाकणं हवीतच. पूजेला खोडाभोवती सुती सूतच गुंडाळा. नायलॉनचा दोरा कुजत नाही, वाढत्या खोडाला काचतो आणि ज्याची पूजा केली त्याच झाडाला इजा होते. निरांजन ताम्हणात, पाचोळ्यापासून दूर. बाग सार्वजनिक असेल तर माळीदादांना आधी विचारा, आणि त्यांचंही पान मांडा.