अलिबाग एका दिवसात: आधी ओहोटी बघा, मग बोट

अलिबागचा दिवस ओहोटीवर बेतावा, कारण तिथल्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं ते फक्त ओहोटीला. हिशेब कोळ्यांचाच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, आणि तिच्या साधारण सहा तास आधी-नंतर ओहोटी. षष्ठीला साडेचारला भरती, म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमारास वाट मोकळी. मुंबईहून जाणाऱ्यांना पंचमी-षष्ठीच सोयीची. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, त्यामुळे पाणी पुरतं हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी सहाच्या आसपास, तेव्हा बोटीने पोचेपर्यंत पाणी चढू लागतं. हा हिशेब ढोबळ आहे, निघण्याआधी भरतीचं कोष्टक पाहाच.

गेटवेहून सकाळची पहिली-दुसरी बोट धरा. मांडवा तासाभरात, पुढे अलिबाग बसने पाऊण तास. बस बहुतेक बोटींच्या तिकिटातच असते, म्हणून तिकीट फेकू नका. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात.

किल्ल्यात ओहोटीच्या तासभर आधी शिरा आणि पाणी वळताच निघा. लोक अडकतात ते फोटोंच्या नादात. खडक शेवाळलेले, तेव्हा चपलांऐवजी पट्ट्याचे सँडल घाला. आतलं गणेश पंचायतन आणि गोड्या पाण्याची पुष्करणी चुकवू नका. चहूबाजूंनी खारं पाणी असताना हे गोडं पाणी खरंच थक्क करतं.

दुपारी जेवून कान्होजी आंग्रे यांची समाधी पाहा. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ मांडव्याला उतरतानाच विचारून ठेवा. शनिवार-रविवारी तिच्या एक बोट आधीच निघा.