भाड्याच्या घरांची अवस्था कशी मोजावी: इंग्लंडमधल्या परवाना योजनेआधीचे काम

एखाद्या भागातल्या सगळ्या खासगी घरमालकांना परवाना सक्तीचा करायचा असेल, तर इंग्लंडमधल्या कौन्सिलला (स्थानिक प्रशासनाला) हाउसिंग ॲक्ट 2004 च्या तिसऱ्या भागाखाली त्याचे कारण दाखवावे लागते. हाच ‘सिलेक्टिव्ह’ परवाना. ‘घरांची दुरवस्था’ हे कारण 2015 च्या आदेशाने त्यात आले. हा आदेश प्रत्येक घर धोकादायक असल्याचा पुरावा मागत नाही. भाड्याच्या घरांचे प्रमाण जास्त आहे, त्यातल्या बऱ्याच घरांची तपासणी व्हायला हवी, कौन्सिल ती करणार आहे आणि इतर उपायांच्या जोडीने योजनेमुळे एकंदर स्थिती सुधारेल, एवढे दाखवायचे असते. त्यामुळे घरन् घर पालथे घालायची गरज नाही, नमुना मात्र चोख हवा. तक्रारींच्या नकाशावर विसंबू नका. त्यात तक्रार करणारे दिसतात, वाईट घरे नव्हे. घर सोडावे लागेल या भीतीने सर्वात वाईट घरातला भाडेकरू बऱ्याचदा गप्पच बसतो.

पहिले काम भाड्याच्या घरांच्या यादीचे, आणि खरा वेळ तिथेच जातो. 2021 ची जनगणना वॉर्डाचा आकडा देते, पत्ते देत नाही. पत्ते जुळवताना यूपीआरएन हा मालमत्ता क्रमांक धरा, नाहीतर ‘फ्लॅट 2’ आणि ‘पहिला मजला, मागची बाजू’ असे एकच घर दोनदा मोजले जाते. कौन्सिल टॅक्स (स्थानिक घरपट्टी) आणि हाउसिंग बेनिफिट (भाड्यासाठीची सरकारी मदत) यांची माहिती या कामासाठी वापरायला याच कायद्याचे कलम 237 मुभा देते. ऊर्जा प्रमाणपत्रावर घर भाड्याचे म्हणून नोंदलेले असले तरी जपून: प्रमाणपत्र 10 वर्षे चालते, तेवढ्यात घर विकलेही गेलेले असते. हाउसिंग असोसिएशनची, म्हणजे ना-नफा गृहसंस्थांची, घरे वगळा. एकाहून अधिक कुटुंबांतली मिळून 5 किंवा जास्त माणसे राहतात अशी सामायिक घरेही वगळा, त्यांना दुसऱ्या भागाखाली वेगळा परवाना लागतोच.

आता नमुना. 4,000 घरांच्या भागात 95 टक्के विश्वासपातळी आणि ±5 टक्के चूक धरली, तर सुमारे 351 पूर्ण पाहण्या लागतात. पूर्ण म्हणजे आत जाऊन केलेल्या. निम्म्याच घरांनी दार उघडले तर 700 च्या वर पत्ते काढावे लागतील. दार उघडले नाही म्हणून शेजारचे घर घेऊ नका, वेगवेगळ्या दिवशी आणि संध्याकाळीही पुन्हा जा. दिवसभर कामावर असणारे भाडेकरू गळले की आकडा वाकडा होतो. वॉर्डवार आकडे हवे असतील तर हिशेब आणखी कडक: एका वॉर्डात 100 पाहण्या केल्या तरी चूक जवळपास ±10 टक्के राहते. मग वाईट घरांचे प्रमाण 22 आणि 27 टक्के आलेल्या वॉर्डांत वर-खाली ठरवणे फोल आहे.

पाहणी एचएचएसआरएस या धोकामापन पद्धतीने करा आणि ती शिकलेल्या माणसाकडूनच. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘कोणासाठी धोका’ यावरून. आज घरात कोण राहते हे गुण देताना पाहायचे नसते. जिन्यासाठी 60 च्या पुढची, थंडीसाठी 65 च्या पुढची माणसे, ओल-बुरशीसाठी 14 वर्षांपर्यंतची मुले धरायची. घर रिकामे असले तरी हेच.

2005 च्या नियमावलीनुसार इजेच्या चार वर्गांचे भार, सर्वात गंभीर वर्गापासून सौम्य वर्गापर्यंत, 10,000, 1,000, 300 आणि 10. प्रत्येक वर्गाचा भार, टक्केवारीचा आकडा आणि शक्यता यांचा गुणाकार करून बेरीज केली की गुण मिळतात. समजा जिन्यावरच्या इजांची टक्केवारी या चार वर्गांत अनुक्रमे 2, 7, 26 आणि 65 आहे. पडण्याची शक्यता 100 मध्ये 1 धरली तर गुण सुमारे 355 येतात, म्हणजे दुसऱ्या, कमी गंभीर श्रेणीचा धोका. शक्यता 32 मध्ये 1 धरली की गुण सुमारे 1,108 होतात आणि 1,000 ची रेषा ओलांडून धोका पहिल्या श्रेणीत जातो. एका अंदाजावर सगळे फिरते! म्हणून कठडा, पायरीची उंची आणि रुंदी, उजेड यांची मापे फोटोसह लिहून ठेवा आणि काही घरे दुसऱ्या निरीक्षकाकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या. दोघांचे गुण फार जुळत नसतील तर पुढे जाण्याआधी एकत्र बसा.

ओलावामापक यंत्राचा आकडा एकटा घेऊ नका, प्लास्टरमधल्या क्षारांनीही तो वर जातो. बुरशीवर ताजा रंग मारलेला असेल तर कपाटामागे आणि खिडकीच्या कोपऱ्यात पाहा. थंडी त्या दिवसाच्या तापमानावरून ठरवू नका: हीटिंग कोणते, त्याचा खर्च किती, पोटमाळ्यावर इन्सुलेशन किती जाड, हे पाहा.

पहिल्या श्रेणीचा धोका सापडला की याच कायद्याच्या कलम 5 प्रमाणे कौन्सिलला कारवाई करणे भाग असते. ‘फक्त सर्वेक्षण आहे’ असे सांगून आत शिरू नका, कारवाई होऊ शकते हे भाडेकरूला आधीच सांगा.

अहवालात वॉर्डाचा आकडा किती टक्के वर-खाली असू शकतो, त्या पट्ट्यासह छापा. किमान 10 आठवड्यांच्या सल्लामसलतीत घरमालकांच्या संघटना आधी तोच शोधतात. आणि निरीक्षकांचा खर्च वेगळा मांडा: हिंडबर्न कौन्सिलच्या खटल्यातल्या 2018 च्या न्यायालयीन निकालानंतर घराची डागडुजी सिलेक्टिव्ह परवान्याच्या अटींतून रेटता येत नाही. ती कायद्याच्या पहिल्या भागाखाली, घर तपासून आणि नोटीस देऊनच करून घ्यावी लागते.