बॉबस्ले शिकताय? या चुका टाळा

बॉबस्ले म्हणजे बर्फाच्या उतरत्या ट्रॅकवर गाडी ढकलत पळायचं, उडी मारून आत बसायचं आणि खालपर्यंत घसरत जायचं. साताऱ्यात बर्फ नाही, आणि बॉबस्लेचा बर्फाळ ट्रॅक तर भारतातच कुठे नाही. तरी सुरुवातीची ढकल इथे शिकता येते. उन्हाळ्यात परदेशी संघही चाकांच्या गाड्यावर तिचाच सराव करतात. आम्ही वेल्डरकडून लोखंडी गाडा करून घेतलाय, त्यावर वाळूची पोती टाकतो. पण नवीन पोरं त्याच त्या चुका करतात.

पहिली चूक उतार शोधण्याची. शिवा केशवनने हिमालयातल्या रस्त्यांवर चाकं लावून सराव केला, मग यवतेश्वर घाटात आपण का नको, असं विचारतात. केशवनचा खेळ ल्यूज, म्हणजे छोट्या घसरगाडीवर उताणं झोपून घसरायचं, आणि तो सहा हिवाळी ऑलिम्पिक खेळलेला माणूस. शिवाय बर्फाच्या ट्रॅकवर वळणाची भिंत उभी चढत जाते, ताशी १३० किलोमीटरने आलेली गाडी तीच पेलते. घाटात वळणाला कठडा आणि पलीकडे दरी, समोरून कासच्या गाड्या. गाडा घाटात नेणाऱ्याला मी पुन्हा मैदानावर घेत नाही.

दुसरी चूक आत बसण्याच्या घाईची. कराडकडचा एक पोरगा, १०० मीटरला चांगला पळायचा. आला तसा मागे लागला, "सर, ढकलणं जमलं, आता उडी शिकवा." थांब म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी मैदानावर पोचायच्या आत त्याने गाडा पूर्ण वेगात पळवला, दांडा सोडला आणि मग उडी मारली. मागचा पाय राहिला बाहेर, नडगी लोखंडी कडेवर आपटली. टाके पडले, त्या वर्षीच्या शर्यती गेल्या. उडी वर नसते, पुढे असते. वर उडालात की आत आदळता आणि गाडीचा वेग खाता. हात दांड्यावर असतानाच पाय आत गेला पाहिजे. माझ्याकडे हे आधी चालत, मग हळू पळत, आणि मी सांगेन तेव्हाच वेगात. पहिल्या १५ मीटरनंतर घड्याळ सुरू होतं, पुढच्या ५० मीटरची वेळ मोजतात. तिथे गमावलेला क्षण खाली पोचेपर्यंत वाढतच जातो.

कोपर वाकवू नका. हात ताठ, कंबर खाली, जोर पायांतून.

गाडी जड व्हावी म्हणून नुसतं खाऊन वजन वाढवू नका. पुरुषांच्या स्पर्धेत दोघांच्या गाडीला माणसांसकट ३९० किलोची मर्यादा आहे. पळवता न येणारा किलो तिथे फुकट.

बर्फाचे बारीक खिळ्यांचे बूट काँक्रीटवर घालू नका, खिळे झिजतात.

आणि ब्रेक शेवटची रेषा ओलांडल्यावरच. मध्येच भीती वाटली तरी हात लावायचा नाही.