स्कोपचा माउंट रायफलवर नीट बसत नसेल तर

माउंट, म्हणजे स्कोप (दुर्बीण) धरणारी पकड, रेलवर, म्हणजे रायफलच्या वरच्या पट्टीवर, बसत नाही म्हटलं की हात आधी कानशीकडे जातो. ती थोडा वेळ लांबच राहू द्या. माउंट नेमका कुठे अडतोय हे कळल्याशिवाय घासलेला धातू वायाच जातो, आणि घासलेला धातू परत लावता येत नाही.

आधी मॅगझिन काढा. चेंबर रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटानेही खात्री करा आणि बोल्ट निघत असेल तर काढून ठेवा. एअर रायफल असेल तर ती कॉक केलेली नाही हे पाहा. दुसरी गोष्ट, जो काही बदल करायचा तो माउंटमध्येच. रायफलची रेल आणि स्कोपची नळी यांना कानस लावायची नाही. माउंट बिघडला तर नवा मिळतो, रिसीव्हरचं (रायफलचा मुख्य धातूचा भाग, ज्यावर रेल असते) तसं नाही.

आता रेल कोणती ते व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या कॅलिपरने) मोजा. आडव्या खाचांच्या रेल दोन प्रकारच्या, पिकाटिनी आणि वीव्हर. पिकाटिनी रेलचं माप 1995 च्या अमेरिकी लष्करी मानकात ठरलं. तिच्या खाचेची रुंदी 5.23 मिमी आणि लगतच्या दोन खाचांच्या मध्यांमधलं अंतर 10.01 मिमी असतं. वीव्हरची खाच 4.57 मिमीची, आणि तिथे खाचांमधलं अंतर ठरलेलं नसतं. त्यामुळे वीव्हरचा माउंट बहुधा पिकाटिनीवर बसतो, पण पिकाटिनीचा वीव्हरवर अडतो. माउंटखालची आडवी पट्टी चौकोनी असेल तर ती बारीक कानशीने कमी करता येते, पण फक्त मागच्या बाजूने. धक्क्याने रायफल मागे येते आणि स्कोप जागीच राहू पाहतो, म्हणून पट्टीची पुढची बाजू खाचेच्या भिंतीला टेकते. ती कंपनीने दिली तशीच सपाट राहिली पाहिजे. पट्टीच्या जागी गोल बोल्ट असेल तर तो बारीक करू नका, दुसरा माउंट घ्या.

एअर रायफलवर आणि बऱ्याच .22 रायफलींवर डवटेल, म्हणजे दोन्ही बाजूंना तिरक्या कडांच्या खोबणी असलेली रेल, असतो. तो 11 मिमीचा म्हणून विकला जातो, पण प्रत्यक्षात माप थोडं कमी-जास्त निघतं आणि कडांचा कोनही सगळीकडे सारखा नसतो. इथे मार्कर कामाला येतो. माउंटच्या जबड्याची आतली बाजू पूर्ण काळी करा, माउंट रेलवर हलकाच आवळा, जरासा पुढेमागे सरकवा आणि काढा. शाई रुंद पट्ट्यात पुसली गेली असेल तर बसणी चांगली आहे. नुसती एक बारीक रेघ पुसली असेल तर कोन जुळत नाही, आणि कोन हाताने घासून जुळवायच्या फंदात पडू नये. फक्त जबड्याची खालची धार चमकत असेल तर ती खोबणीच्या तळाला टेकतेय. त्या धारेवर कानशीचे दोन-तीन हात मारा, पुन्हा शाई लावा, पुन्हा बसवून पाहा. काम कंटाळवाणं आहे, पण चुकत नाही.

माउंट बसला, पण स्कोपची उंचीची चकती टोकापर्यंत फिरवूनही गोळी खालीच लागते, असंही होतं. तेव्हा स्कोपचा मागचा भाग शिमने, म्हणजे पातळ पत्र्याच्या तुकड्याने, उचलायचा. हिशेब सोपा आहे. दोन आधारांमधलं अंतर 100 मिमी असेल तर 0.1 मिमीची शिम 25 मीटरवर गोळी लागण्याची जागा 2.5 सेंमी वर नेते. शिम शक्यतो बेसखाली (माउंटचा रेलवर बसणारा भाग) घाला. रिंगच्या (स्कोपची नळी धरणारं कडं) आत जाड शिम घातली की नळी वाकते. जास्त फरक हवा असेल तर उंची बदलता येणारा माउंटच बरा.

रिंगांचे खालचे अर्धे भाग एका रेषेत नसतील तर लॅपिंग करता येतं. रिंगच्याच मापाची पोलादी दांडी (25.4 किंवा 30 मिमी) आणि घासायची पेस्ट घेऊन ती पुढेमागे फिरवायची. साधारण तीन चतुर्थांश पृष्ठभाग उजळला की थांबा. त्यापुढे घासलं तर रिंग सैल होते आणि तिचे दोन्ही भाग एकमेकांना टेकूनही नळी धरली जात नाही. पेस्ट पूर्ण धुऊन काढा. आत प्लास्टिकचा थर असलेल्या रिंगांना लॅपिंग नको.

शेवटी जोडणी. माउंट पुढे ढकलून धरा आणि मग बेस आवळा. स्कोप सैल ठेवून, डोळ्याला पूर्ण चित्र दिसेल असा मागेपुढे करा. उभी रेघ ओळंब्याशी जुळवा. रिंगचे स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळा, दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असे. निर्मात्याने वेगळं सांगितलं नसेल तर सुमारे 2 न्यूटन-मीटरच्या पुढे जाऊ नका. स्प्रिंगच्या एअर रायफलचा धक्का दोन्ही दिशांना बसतो, त्यामुळे तिथे माउंटला सरकू न देणारी स्टॉप पिन लागतेच. माउंट आणि रेल यांच्या सांध्यावर रंगाची बारीक रेघ ओढून ठेवा आणि काही गोळ्या झाडल्यावर ती तुटली का ते पाहा. तुटली असेल तर झिरो करायला (स्कोपचा नेम गोळीशी जुळवायला) बसू नका, आधी शाईची तपासणी पुन्हा करा.