लेदरचा सोफा आणि नाशिकची हवा

दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की नाशिककर गोदाघाटावर पूर बघायला जातात. मी हल्ली आधी सोफा भिंतीपासून ओढून त्याची पाठ बघतो. त्याच दिवसांत तिथे पांढरट भुरा धरलेला असतो. सोफा विकताना दुकानदार रंग, शिवण, वॉरंटी सगळं सांगतो. श्रावणात त्याचं काय करायचं ते सांगत नाही. मग हाताशी येईल ते आपण फासतो. मी खोबरेल फासलं होतं. चार दिवस सोफा नव्यासारखा चमकला, पुढे कितीतरी दिवस बसणाऱ्यांच्या कपड्यांना लागत राहिला, वर धूळ चिकटली ती वेगळीच.

आधी सोफा कशाचा आहे ते ओळखा. खालच्या बाजूला, कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब मुरून गडद डाग दिसला तर ते ॲनिलिन लेदर: वर रंगाचा थर नाही, दिसायला देखणं, पण चहाचा थेंबही पिऊन टाकणारं. त्यावर घरचे प्रयोग नकोत. हाताला मखमलीसारखं लागणारं नुबक असेल तर फक्त कोरडा मऊ ब्रश. थेंब तसाच वर राहिला तर ते थर दिलेलं लेदर असेल, नाहीतर रेक्झिन. तळाशी कापलेली कड सापडली तर बघा. मागे कापडाची वीण दिसली की रेक्झिन समजा. ते ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. त्याला कंडिशनर, म्हणजे लेदर मऊ ठेवणारं क्रीम, लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पुढचं सगळं थर दिलेल्या लेदरसाठी आहे, कारण बहुतेक घरांत तेच असतं.

दर आठवड्याला गाद्या उचलून फटी साफ करा. व्हॅक्यूमला ब्रशचं तोंड लावा, नसेल तर रंगकामाचा नवा मऊ ब्रश चालतो. फटीत साचलेली बारीक वाळू प्रत्येक बसण्याउठण्याला पॉलिश पेपरसारखी घासत राहते. (चिवड्याचे पोहेही निघतील, नाशकातलं घर आहे, चालायचंच.)

महिना-दोन महिन्यांनी पुसायचं. लेदर क्लीनर उत्तम. नसेल तर अर्धा लिटर कोमट पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब. कपड्याचा साबण, भांड्याची पावडर, सोडा यातलं काही नको. लेदर मुळात किंचित आम्लधर्मी असतं आणि ही मंडळी अल्कलीची, त्यामुळे ते कोरडं आणि ताठ होत जातं. पाणी शक्यतो फिल्टरचं घ्या, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात. फडकं इतकं घट्ट पिळा की थेंब पडता कामा नये. एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा तुकडा एका दमात पुसा. मध्येच थांबलात तर तिथे कड उमटते. मग साध्या पाण्याचं पिळलेलं फडकं, लगेच कोरडं फडकं, आणि पंख्याखाली वाळवणं. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच.

डोकं टेकतं ती जागा मात्र वेगळी. आपल्याकडे सोफा सगळ्यात आधी तिथेच जातो, तेल आणि घामामुळे. वरचा थर हळूहळू मऊ, चिकट होतो आणि एक दिवस नखानं निघायला लागतो. तेव्हा फार काही करता येत नाही, म्हणून तो भाग दर आठवड्याला पुसा आणि वर सुती रुमाल टाका. आजीच्या काळातले क्रोशाचे रुमाल शोभेचे वाटायचे. त्यांचं काम हेच होतं. इंग्रजीत अशा रुमालाला ‘अँटीमकॅसर’ म्हणतात, ते नावच मकॅसर नावाच्या केसांच्या तेलावरून पडलंय.

डाग पडला तर टिपायचा, चोळायचा नाही. चहा सांडला तर बाहेरून आत टिपत या. तेलाचा डाग असेल तर त्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरवा, रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशनं झटका. वरणाच्या डागाला साबण लावलात तर तो लाल होईल. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तोच प्रकार. गार ओल्या फडक्यानं लगेच टिपा, राहिलेला पिवळेपणा हळूहळू फिका पडतो. बॉलपेनच्या रेघेवर नेलपॉलिश रिमूव्हर कधीच नको, शाईबरोबर सोफ्याचा रंगही निघतो. लेदरसाठीचा इंक रिमूव्हर मिळतो, तो आधी लपलेल्या जागी लावून बघा.

पावसाळ्यात सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि पंख्याचा वारा मागे जाऊ द्या. गावाला जाताना प्लास्टिक गुंडाळू नका, आत ओल कोंडते. जुनी सुती चादर किंवा साडी टाका. बुरशी आलीच तर तोंडाला मास्क लावा, सोफा निदान खिडकीपाशी आणा आणि कोरड्या मऊ ब्रशनं झटका. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समसमान घेऊन फडकं नुसतं ओलसर करून पुसा, इथेही आधी लपल्या जागी चाचणी करून. पूर्ण वाळल्याशिवाय गाद्या परत लावू नका.

कंडिशनर वर्षातून दोनदा पुरे. एकदा दिवाळीच्या साफसफाईत, कारण पुढे निफाडकडचा पारा घसरतो आणि इथली हवाही कोरडी होते. दुसऱ्यांदा फेब्रुवारीअखेर, उन्हाळा तापण्याआधी. पुसून वाळलेल्या सोफ्यावर फडक्यानं पातळ हात फिरवा, अर्ध्या तासानं उरलेलं टिपून घ्या. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन थेट पडत असेल तर कंडिशनरआधी पडद्यावर खर्च करा. आणि चिरा पडल्या असतील तर डबाभर कंडिशनरनंही त्या बुजणार नाहीत. तिथे लेदरला रंग आणि भरणी करणारा कारागीरच बोलवा, नाहीतर तेवढाच तुकडा बदलून घ्या.