कोपनहेगनच्या फ्लॅटमधले रेडिएटर कसे लावावेत

रेडिएटर म्हणजे खोली तापवणारं, आतून गरम पाणी फिरणारं धातूचं पॅनेल; त्याच्या नॉबवर 1 ते 5 आकडे असतात. ऑक्टोबर लागला की इथल्या नव्या मराठी मंडळींना हमखास एक सल्ला मिळतो: "हॉलमधला एकच रेडिएटर पाचावर टाक, बाकीचे बंद कर. बिल वाचतं." वाचत नाही.

कोपनहेगनमध्ये घरोघरी बॉयलर नसतो. 1973 च्या तेलटंचाईत पोळलेल्या डेन्मार्कने 1979 मध्ये उष्णता पुरवठ्याचा कायदा केला. आता शहरातल्या जवळपास सगळ्या इमारतींना जमिनीखालच्या पाइपांतून येणाऱ्या गरम पाण्याने ऊब मिळते. छतावर स्कीइंग चालतं तो कचरा जाळणारा प्रकल्पही याच जाळ्याला जोडलेला आहे. पाणी तापवून देणं कंपनीचं काम. त्यातली उष्णता घरात काढून घेऊन ते गार करून परत पाठवणं आपलं. ते गरमच परतलं तर पंपांना जास्त पाणी फिरवावं लागतं, वाटेत उष्णता वाया जाते, आणि बऱ्याच ठिकाणी इमारतीला त्याचा जादा आकार बसतो.

सोफा आणि जाड पडदे रेडिएटरपासून लांब करा. थर्मोस्टॅटचा (खोलीची ऊब बघून पाणी कमी-जास्त करणारा) नॉब दोन-तीनदा पूर्ण फिरवा, उन्हाळाभर पडून आतली पिन अडकते.

आता आकडे. सगळे इथेच गडबडतात, मलाही याच टप्प्याने सगळ्यात जास्त छळलं. नॉब म्हणजे नळ नव्हे. 3 म्हणजे साधारण 20-21 अंश झाले की थांब. 5 म्हणजे थांबूच नको, खोली भट्टी होऊ दे. पाचावर टाकल्याने खोली लवकर तापते हा निव्वळ भ्रम आहे. एका खोलीतले सगळे रेडिएटर सारख्याच आकड्यावर ठेवा. एकट्यावर भार टाकलात तर पाणी त्यातून धावत सुटतं आणि गरमच परत जातं. शिवाय बंद खोल्यांच्या भिंतींवर बुरशी धरते ती वेगळीच.

नॉब फिरवल्यावर तासाभराने, खोली अजून गार असताना, रेडिएटरला हात लावून बघा: वर चटका, खाली गार. असंच हवं! "अर्धा बिघडलाय" म्हणून केअरटेकरला फोन करू नका. खालपर्यंत तापला असेल तर पाणी जास्त जातंय, आकडा उतरवा. खोली तापल्यावर तो पूर्ण गार पडला तरी ठीकच. जुन्या एकपाइपी इमारतींना (जिथे पाणी आणणारा आणि परत नेणारा पाइप एकच असतो) मात्र ही हाताची परीक्षा लागू नाही.

एक अंश कमी केलात तर साधारण 5 टक्के ऊब वाचते. पण 18 च्या खाली उतरू नका, दमट होतं.

रेडिएटरवर ओले टॉवेल टाकायची आपली सवय सोडा. त्यावर चिकटवलेला, वापरलेली उष्णता मोजणारा छोटा मीटर झाकला गेला की तिथे उष्णता कोंडते आणि आकडा फुगतो.

दिवसातून दोन-तीनदा नॉब बंद करून खिडक्या सताड उघडा, पाच-दहा मिनिटं पुरे. फट ठेवून दिवसभर नको.

बुडबुड आवाज आला तर आत हवा आहे. ती स्वतः काढू नका, केअरटेकरला सांगा. अख्ख्या इमारतीचा दाब उतरू शकतो.